‘वामकुक्षी’ची दुसरी गिटार

“...मग चुकलं कुठं, चाचा? सगळं तर सुरात आहे.”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर तंबोऱ्याची घोडी होती, तारा टेकतात ती पट्टी, आणि हातात कानस. जरा घासायचं, फुंकर मारायची, डोळ्याजवळ नेऊन बघायचं, परत घासायचं. मिरजेच्या तंबोरेवाल्यांच्या गल्लीत पन्नास वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. आता डोळे साथ देत नव्हते, त्यामुळं फुंकरा जास्त आणि घासणं कमी.

“आधी बस की,” ते म्हणाले.

शार्दूल भोकरे बसला कसला, कोसळलाच. पुण्याहून एसटीनं आला होता. पाठीवर गिटार, एका पिशवीत लॅपटॉप, दुसरीत स्पीकर. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. एकाच रेकॉर्डच्या मागं तीन वर्षं लागल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

सांगलीला इंजिनीअरिंग करताना दर रविवारी तो इथं यायचा. तंबोरा जुळवायला चाचांनीच शिकवलं. ‘मला कान चाचांनी दिला,’ असं तो चारचौघांत सांगायचा. पुढं त्या कानाचा ताठा आला, ते मात्र सांगायचा नाही.

“नऊ गाणी झाली,” तो म्हणाला. “मुंबईची एक कंपनी रेकॉर्ड काढणार आहे. आज पाच वाजता पाठवायची आहेत. पण ऐकवत नाहीत हो मला. मेल्यासारखी वाटतात. एक चूक सापडत नाही, आणि तरी...”

“ऐकव.”

त्यानं स्पीकर जोडला.

आता हे ड्रीम पॉप म्हणजे काय, हे तिथं समजावत बसायची सोय नव्हती. तालाला घाई नसते. गिटारी ठणठणत नाहीत, पसरतात. गाणारा पलीकडच्या खोलीत असल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला गुंगी यावी पण झोप लागू नये, एवढं साधलं की झालं. म्हणून तर त्यांच्या बँडचं नाव ‘वामकुक्षी’.

चाचांनी अख्खं गाणं ऐकलं. मध्ये एकदाही कानस चालवली नाही.

“ते ठोकणारा कोण?”

“मीच. मशिनवर.”

“आणि ते खाली घुमतंय ते?”

“बेस. तोही मीच वाजवलाय.”

“गातंय कोण?”

“मी.”

“मग वर ती बाई कोण आळवतीय?”

शार्दूल कसनुसा हसला. “तोही माझाच आवाज, चाचा. वरच्या पट्टीतला.”

“या अल्ला,” चाचा म्हणाले. “चौघं होता की रं तुम्ही.”

...

होते ना. हॉस्टेलच्या गच्चीवर चौघं होते. तिथं सिमेंटची एक टाकी होती, चीर पडून कोरडी झालेली. संदेश वाघमारे एकदा सहज तिच्यात तोंड घालून ओरडला आणि आवाज आतल्या आत फिरत राहिला. झालं! दुसऱ्या दिवशी चौघंही टाकीत उतरले. संदेश डबा बडवायला, ओंकार बेसला, शार्दूल आणि प्राजू गिटारीला. कोपरं एकमेकांना लागत होती, घामाच्या धारा लागलेल्या, मोबाइल मधोमध ठेवलेला. पहिली चार गाणी तिथंच रेकॉर्ड झाली. लोकांना त्या गाण्यांचं कोण कौतुक!

मग पुणं आलं, आणि पुण्यात चांगली यंत्रं आली. जो तो आपापल्या खोलीत वाजवून शार्दूलला पाठवू लागला. शार्दूल ती वेगवेगळी ऐकू लागला. आणि वेगवेगळं ऐकलं की ज्याची त्याची खोट दिसतेच. संदेश रंगात आला की लय वाढवायचा, म्हणून मशीन आलं. संदेश महिनाभर रुसला, मग नोकरीला लागला. ओंकारच्या तारा खरखरायच्या, म्हणून शार्दूलनं बेस स्वतःच वाजवला. ओंकार भांडलासुद्धा नाही. नुसता यायचा बंद झाला.

राहिली प्राजू.

“ती कुठाय?” चाचांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी भोपळ्यांची हातगाडी ढकलत गेलं.

“मागच्या आठवड्यात तिला पूर्ण रेकॉर्ड ऐकवली. तिची गिटार त्यात नाही. म्हणजे होती, मी बंद करून ठेवली आणि तिच्या जागा मी वाजवल्या. मला वाटलं, तिला कळणार नाही.”

“आणि कळलं.”

“दुसऱ्याच गाण्याला कळलं. पण नऊच्या नऊ ऐकली तिनं. मग ‘बरं’ म्हणाली, चपला घातल्या आणि गेली.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला. “सकाळी हे पाठवलंय. ‘मी बँडमध्ये आहे की नाही, ते आज पाचच्या आत सांग. म्हणजे मला पुढचं ठरवता येईल.’ एवढंच. शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.”

“मग काय सांगणार?”

“तेच विचारायला आलोय.”

“तू तर सूर कुठं चुकला ते विचारत होतास.”

शार्दूलनं मोबाइल जमिनीवर ठेवला.

...

चाचांनी घोडी बाजूला ठेवली. “रेकॉर्ड असू दे. तू वाजव. समोर वाजव.”

हे शार्दूलला बरं वाटलं. वाजवायचं म्हटलं की तो अजूनही सरसावून बसायचा. त्यानं गिटार काढली, पिशवीतून एक निळी डबी काढली, वायरी खुपसल्या, डबी पायानं दाबली आणि छेडलं. त्या अरुंद खोलीत, लाकडाच्या भुशात, सूर असा काही पसरला की भिंतीला टांगलेल्या बिनतारांच्या तंबोऱ्यांकडं चाचांची नजर गेली.

“झक्क!” ते मनापासून म्हणाले. “दोघांनी वाजवल्यागत वाटतंय.”

“तीच तर गंमत आहे!” शार्दूलचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. “ही डबी करते ते. कोरस म्हणतात हिला. तीन वर्षांत पाच बदलल्या, तेव्हा ही सापडली.”

“करती काय नेमकं?”

“मी जे वाजवतो ते तसंच पुढं सोडते, आणि सोबत त्याची एक नक्कल करते. पण नक्कल हुबेहूब नाही हं! हुबेहूब केली तर काही उपयोग नाही, एकच गिटार मोठ्यानं ऐकू येईल. ही काय करते, नक्कल किंचित मागून आणते. आणि सूर एका जागी ठेवत नाही, जरा वर, जरा खाली, असा हलता ठेवते.” त्याचा तळवा हवेत हलत होता. “एवढा फरक ठेवला की कानाला वाटतं, कुणीतरी शेजारी बसून वाजवतंय. तेवढ्यानंच त्यात जीव येतो.”

“असं होय,” चाचा म्हणाले. त्यांनी डबी उचलली, उलटीपालटी करून पाहिली, सदऱ्यानं तिच्यावरचा भुसा पुसला.

“आणि ती पोरगी? वाईट वाजवती?”

“छे छे, वाईट कोण म्हणतंय! हात गोड आहे तिचा. पण रेकॉर्डला चालत नाही हो ते. नीट कान देऊन ऐकलं की कळतं. सम चुकवत नाही, पण येते किंचित मागून. आणि तार दाबताना सूर जरा वर, जरा...”

तळवा हवेतच राहिला.

...

चाचा डबी पुसतच राहिले.

शार्दूलनं हात हळूहळू मांडीवर ठेवला. तीन वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. डाव्या बाजूला उभी राहून वाजवणारी प्राजू, हेडफोन लावून तिच्या चुका टिपणारा तो, वहीत लिहिलेले सेकंद. आणि त्याच महिन्यांत एकीमागून एक आणलेल्या त्या डब्या. त्याला रडायला यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

“हे वेगळं आहे, चाचा,” तो अखेर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला.

“वेगळंच की.”

“डबीचं मोजलेलं असतं. पाहिजे तेवढंच मागं, पाहिजे तेवढंच वर-खाली. तिचं काय, आज एक, उद्या दुसरं. तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? डबी रुसत नाही. उशिरा येत नाही. कंटाळत नाही.”

“खरंय.”

“मग?”

चाचा उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून दोनदा थांबावं लागलं. कोपऱ्यातला पाहुण्यांसाठी ठेवलेला पाट त्यांनी ओढत आणला, हातानं झटकला आणि शार्दूलच्या बरोब्बर समोर मांडला. त्यावर ती निळी डबी ठेवली, तिचं तोंड त्याच्याकडं करून. मग आपल्या जागी जाऊन बसले आणि घोडी पुन्हा मांडीवर घेतली.

मोबाइलवर सव्वाचार झाले होते. प्राजूचा निरोप अजून उघडाच होता.

“चाचा, पाचला पाठवायचंय. तिला काय कळवू, तेवढं तरी सांगा. माझं डोकं चालत नाही आता.”

चाचांनी कानसेवर फुंकर मारली.

“तिचं नंतर बघू,” ते म्हणाले. “आधी हिला सांग, लई दमलोय म्हणून... आणि काय म्हणती ते मला सांग.”