गाभोळीची चव

डोंगरापलीकडच्या तळ्यात माणसांनी अजून घागर बुडवली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली नदी आटत आली आणि काठच्या बिळात खंड्या पक्ष्याची पिल्लं भुकेने ओरडू लागली. खंड्या म्हाताऱ्या बगळ्याकडे आणि पाणकावळ्याकडे गेला.

"आजोबा, उद्या त्या तळ्यावर मासे धरायला जाऊ या. वाट तुम्हालाच ठाऊक आहे."

"वाट सोपी आहे रे! पळसावरून उजवीकडे वळायचं, पुढे खिंड." बगळ्याचे डोळे चमकले. "काय दिवस होते ते! पाणी कसं आरशासारखं, कमळाच्या पानांखाली गार सावली..."

"आणि अंड्यांनी फुगलेल्या मासोळ्या," पाणकावळा म्हणाला. "त्यांच्या पोटातली गाभोळी तोंडात विरघळायची. दुसऱ्या मासळीला आम्ही चोचसुद्धा लावत नव्हतो."

"मग निघायचं कधी?"

"निघू की! बस जरा."

दोघांचं तोंड थांबेना आणि पाय उठेना. पण ऐकता ऐकता खंड्यालाही ते तळं आपलंच वाटू लागलं. पहाटे म्हातारे पेंगत होते, म्हणून तो एकटाच निघाला. पळस होता, खिंड होती, आरशासारखं पाणी होतं, कमळंही होती. दिवसभर त्याने बुड्या मारल्या. मासा एकही नव्हता.

संध्याकाळी तो रिकाम्या चोचीने परतला.

"काय, खाल्लीस का गाभोळी?" बगळ्याने विचारलं.

"ती तुम्ही खाल्लीत, आजोबा. माझ्या पिल्लांचे मासे त्यातच होते."

बिळात पिल्लं अजून ओरडत होती.

पाणकावळ्याने डोळे मिटले. "पण चव काय होती रे!" तो म्हणाला.