मधेच बंद पडणारा म्हातारा

आटपाट कॉम्प्युटरची पेटी होती, एका अंगाने काचेची. तिच्यात गेमच्या लढाया चालत. मदरबोर्ड सगळ्यांना अंगाखांद्यावर वागवायची आणि कोपऱ्यातला म्हातारा पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज पुरवायचा. त्याची एकच खोड होती. वीज कमीजास्त झाली की तो तडक सगळं बंद करायचा, मग लढाई जिंकत का आलेली असेना.

“आज परत ऐन वेळी माती खाल्लीत, आजोबा!” लढाईची चित्रं पडद्यावर उमटवणारं ग्राफिक्स कार्ड भडकलं.

“भिंतीकडून विजेचा लोंढा आला होता, बाळा.”

“आम्हाला तर काही दिसलं नाही!”

“दिसलं नाही, कारण मी दार लावलं.”

कुणी ऐकेना. पंचायत बसली आणि नवा पॉवर सप्लाय हजर झाला. अंगभर रंगीत दिवे, स्टिकरवर वॉटचा भलाथोरला आकडा. “मी कधीच बंद पडत नाही,” तो म्हणाला. मदरबोर्डने त्याला हळूच तोलून पाहिलं, तर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. पण सगळे टाळ्या पिटत होते, म्हणून ती गप्प बसली. म्हाताऱ्याच्या तारा सोडल्या गेल्या.

पुढच्याच वादळात लोंढा आला. मदरबोर्ड सवयीने अंधार होण्याची वाट पाहू लागली. अंधार झालाच नाही. आधी कार्डाची किंकाळी ऐकू आली, मग तिच्या स्वतःच्याच अंगाला जळका वास सुटला.

“अरे, बंद कर!” ती ओरडली.

“मी कधीच बंद पडत नाही,” नवा म्हणाला. काचेआड त्याचे दिवे अजून झगमगत होते.