झारीचा आग्रह

फार फार पूर्वी एका काचेच्या हरितगृहात तांब्याची एक झारी होती. रोज सकाळी ती रोपांना पाणी घालायची, तेही लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढावी तसं. "घ्या हो, लाजताय काय!" जास्वंद आणि शेवंती पोटभर प्यायच्या.

कोपऱ्यातला निवडुंग मात्र म्हणायचा, "पुरे ताई, परवाचंच अजून पोटात आहे."

"माझ्या हातचं नको म्हणजे काय!" असं म्हणत झारी फणकाऱ्यानं त्याच्या कुंडीत दुप्पट ओतायची. बिचारा भिडेखातर पीत राहायचा.

एका सकाळी तो पिवळा पडून कलंडलेला दिसला. झारी घाईघाईनं त्याच्यापाशी आली. "अरे, सांगायचं नाहीस का?"

"रोज सांगत होतो, ताई."

त्या दिवसापासून झारी त्याच्यापाशी थांबून आधी विचारायची, "वाढू?" तो "नको" म्हणाला की मन घट्ट करून पुढे जायची. हळूहळू निवडुंग सावरला, हिरवा झाला. मग एकदा तोच म्हणाला, "ताई, आज घोटभर चालेल."

झारीला कोण आनंद! सगळी उपडी व्हावंसं वाटलं तिला, पण तिनं घोटभरच वाढलं.

निवडुंग ते पाणी सावकाश प्यायला. "ताई, तुमच्या हातच्या पाण्याला इतकी चव आहे, हे आज कळलं!"