टोच्या गेनूचा हात

चूक म्हाताऱ्यांची होती. त्यातही सोपानतात्यांची. ते माझे पणजोबा, म्हणून हे मीच सांगतो. बाकी कुणी सांगणार नाही.

आमच्या सावरघाटाला रस्ताही नव्हता, तेव्हाची गोष्ट. जनावरांच्या दवाखान्यातला गेनू खांद्याला लशीची पेटी अडकवून डोंगर चढून यायचा. त्याची सुई जनावराला कळायचीच नाही, असं म्हणतात. मानेवर थाप मारायचा, थापेतच सुई आत. गाव त्याला टोच्या म्हणायचं आणि तो दिसला की गुरं रानात हाकलायचं. का, तर सुईनं दूध आटतं. कुणाचं आटलं होतं? कुणाचंच नाही.

त्या वर्षी खालच्या गावांत घटसर्प आला. गळा सुजून गुरं पटापट मरायला लागली. गेनू धावत वर आला, तर आमचे शहाणे चावडीत तंबाखू मळत बसलेले.

तात्या म्हणाले, “तुझी लस एवढी चांगली असेल तर आधी स्वतःला टोच.”

“तात्या, ही जनावराची लस आहे. माणसाला नाही चालत.”

“मग आमच्या जनावरालाही नाही चालत.”

सगळे हसले. गेनूनं बाही वर केली आणि डाव्या दंडात सुई घातली.

तेवढ्यात तात्यांचा मारका बैल दावं तोडून आला आणि गेनूपुढे मान घालून उभा राहिला, असं म्हणतात. त्याच्यामागे गावची सगळी गुरं, रानात हाकललेलीसुद्धा, आपणहून रांगेत. कुणाला धरावं लागलं नाही. दंड घागरीएवढा सुजला तरी गेनू टोचत राहिला, आणि शेवटचं वासरू होईपर्यंत सूर्य डोंगराआड गेला नाही, असं म्हणतात. सावरघाटात एकही जनावर दगावलं नाही.

पुढचं म्हातारे गाळतात. फारच खोदून विचारलं तर म्हणतात, देवानं त्याचा हात मागून घेतला. कसला देव? मागितला तात्यांनी.

आजही लसीकरणाच्या दिवशी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस आधी आपली डावी बाही वर करतो. डॉक्टर त्याच्या दंडाला सिरिंजची नुसती बोथट बाजू टेकवतात, लोक ‘टोच्या गेनूच्या नावानं’ म्हणतात, मगच पहिलं जनावर पुढे येतं. यंदा मान आमच्या आजोबांचा होता. गुदगुल्या होतात म्हणून हसले, वर फोटो काढून घेतला.

गेनूचा डावा हात खांद्यापासून कापावा लागला. बाटलीतून लस ओढायला दोन हात लागतात. त्यानंतर त्यानं एकाही जनावराला टोचलं नाही.