झोपाळ्यावरची शतपावली

मंडळी, भरवसा कोणावर ठेवाल? रोज शाबासकी देणाऱ्यावर, की दाराशी गप्प बसणाऱ्यावर?

वस्तू एकमेकींशी बोलत त्या काळी त्र्यंबकशेठना लेकीने मनगटावर बांधायचा, पावलं आणि नाडी मोजणारा पट्टा दिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘हृदय थकलंय, जेवणानंतर शतपावली चुकवू नका.’ शेठ जेवले की झोपाळ्यावर बसून हात झुलवत. पट्टा तीच पावलं धरी आणि थरथरून ‘शाबास’ अशी अक्षरं दाखवी.

दारातल्या वहाणा घाबरल्या. ‘अरे, आमच्यावर धूळ साचलीय. हे चाललेच नाहीत!’

‘मला पाय कुठे दिसतात?’ पट्टा म्हणाला. ‘हात हलला की मी पाऊल धरतो. नाडी मात्र मला बरोबर कळते हं!’

‘मग शेठना ‘चालला नाहीत’ असं दाखव की!’

‘दाखवलं तर काढून ठेवतील मला.’

एके दिवशी जेवणानंतर शेठची नाडी उधळली. पट्ट्याने लगेच ओळखलं. ‘डॉक्टरांना बोलवा’ अशी अक्षरं दाखवत तो जीव खाऊन थरथरला, पुन्हा थरथरला. शेठ डोळे मिटूनच हसले. ‘पुरे रे लबाडा, किती शाबासकी देशील!’

‘शेठ, एकदा बघा हो!’ वहाणा कळवळल्या. पण वस्तूंचं बोलणं माणसाला कुठलं ऐकू यायला?

आतून शेठाणींनी विचारलं, ‘अहो, सुपारी देऊ का?’ उत्तर आलं नाही. झोपाळा तेवढा हलत होता, आणि नाडी हरवलेला पट्टा भीतभीत पावलं मोजत होता.

तेव्हा बाबांनो, पट्टा खुशाल बांधा, पण पावलांचा हिशेब वहाणांना विचारून खरा ठेवा.