शिफारसपत्र आणि राजाचा हत्ती

फार पूर्वी, शिफारसपत्रं भूर्जपत्रावर लिहीत असत त्या काळी, एका विद्यापीठात मेंढपाळाच्या घरचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याच्या गावी दर वर्षी मेंढ्यांच्या खुरांना रोग व्हायचा आणि निम्मा कळप लंगडून लंगडून मरायचा. सात नद्यांपलीकडे जनावरांच्या वैद्यकाची पाठशाळा होती. तिथे जाऊन या रोगावरचं औषध शिकायचं, एवढी एकच आस त्याला लागली होती.

पण जायचं तर राजवृत्ती, म्हणजे राजाची शिष्यवृत्ती हवी. राजा ती वर्षाला एकालाच देई आणि अर्ज येत चारशे. अर्जासोबत गुरूंचं शिफारसपत्र लागे.

आता त्या विद्यापीठात एक रीत पडून गेली होती. पत्र मागायला गेलं, की गुरुजी म्हणत, "अरे, तुझे गुण तुझ्याइतके कोणाला ठाऊक? तूच लिहून आण, मी मुद्रा उठवतो." आणि खरंच न वाचता उठवत. एकदा घाईत त्यांनी धोब्याच्या यादीवरही उठवली होती.

विद्यार्थ्याने लिहिलं, "याने तेवीस मेंढ्यांवर उपचार केले. नऊ वाचल्या. बाकीच्या का मेल्या ते याला कळलेले नाही, ते शिकण्याची इच्छा आहे."

शेजारच्या खोलीतल्या मित्राने ते वाचून कपाळावर हात मारला. "मेल्या? अरे, शिफारसपत्रात कोणी मरतं का? हे माझं बघ."

त्यात लिहिलं होतं, "असा विद्यार्थी शंभर वर्षांत एकदाच जन्मतो." पलीकडच्या खोलीतही तसाच एक जन्मलेला होता. शोध घेता त्या एका वसतिगृहात शंभर वर्षांत एकदाच जन्मणारे सतरा जण निघाले.

आपला विद्यार्थी घाबरला. त्याने आपलं पत्र फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. आपल्याच हाताने आपली आरती ओवाळायला लाज वाटते खरी, पण ती पहिल्या दोन ओळींपुरतीच. तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलं, "मुंगीपासून हत्तीपर्यंत कोणाचाही रोग हा नुसत्या नजरेने ओळखतो. याला न येणारा उपचार जगात उरलेला नाही." गुरुजींनी मुद्रा उठवली.

दरबारात राजाने ते पत्र वाचलं आणि तो आनंदाने उभाच राहिला. "प्रधानजी, आपल्या हत्तीच्या पायाला गळू झालंय ना? हा बघा, वैद्य घरातच सापडला! न्या याला हत्तीखान्यात. राजवृत्ती दुसऱ्या कोणाला द्या."

"महाराज, पण मला शिकायला जायचंय!" विद्यार्थी कळवळून म्हणाला.

"शिकणार काय? तुझ्या गुरूंनीच लिहिलंय, तुला न येणारं काही उरलेलं नाही."

पत्र मीच लिहिलं म्हणावं, तर स्वतःची आणि गुरुजींची दोघांची अब्रू जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! बिचारा मेंढ्यांचा लेप घेऊन हत्तीकडे गेला. लेप लागताच हत्तीने असा काही चीत्कार केला, की वैद्यबुवा थेट चाऱ्याच्या गंजीवर.

खालून माहुताने विचारलं, "वैद्यबुवा, रोग नुसत्या नजरेने ओळखता ना? मग डोळे का मिटलेत?"

संध्याकाळी राजासमोर त्याने सगळं कबूल केलं. "महाराज, मला यातलं काही येत नाही. तेच शिकायचं होतं."

"मग हेच का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं, महाराज. फाडून टाकलं."

राजा हसला, पण त्यालाही वाईट वाटलं. राजवृत्ती एका विद्यार्थिनीला देऊन झाली होती. तिच्या पत्रात होतं, "खारे पाणी गोडे करण्याचे हिचे तीन प्रयत्न फसले. ते का फसले, हे हिला शोधायचे आहे." दुपारच्या नावेने ती गेलीसुद्धा.

विद्यार्थी हात हलवत गावी परतला. त्या वर्षीही खुरांचा रोग आला आणि मेंढ्या लंगडू लागल्या. त्यांना औषध काय द्यावं, हे त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. बढाई त्याने मारली आणि भोगलं मुक्या जनावरांनी.

तात्पर्य: सगळं येतं म्हणणाऱ्याला शिकायला कोणी पाठवत नाही, थेट कामाला लावतात.