होळीनंतरची काकवी

"मग जाऊ ना मी, अप्पा?"

सिदगोंडानं गाठोडं उंबऱ्यात टेकवलं. पंचगंगेकाठच्या त्या लहानशा मठाचे स्वामी म्हणजे अप्पा. ते शेंगा सोलत बसले होते. मान काही वर केली नाही.

"कुठं?"

"घरी. माझ्यातलं सगळं आटलं. नवा आलो तेव्हा आरतीला उभा राहिलो की डोळ्यांना धार लागायची. लांबलांबनं लोक बघायला यायचे. आता तोंड आरती म्हणतं आणि मन गावभर हिंडतं... असला रिकामा माणूस देवापुढं कशाला?"

लोक बघायला यायचे म्हणताना त्याचा आवाज अजूनही जरा चढायचा.

"जा की," अप्पा म्हणाले. "पण आज सोमवार. पंगतीची खीर तेवढी तुझ्या हातची होऊ दे."

चुलीवर खपली गहू रटरटत होता. अप्पांनी त्यातला निम्मा दुसऱ्या पातेल्यात काढायला लावला. का, ते सांगितलं नाही.

फळीवर काकवीच्या दोन बरण्या होत्या. उसाचा रस आटत आटत गूळ व्हायच्या जरा आधी काहिलीतनं काढून घेतात, ती काकवी. एकाच रानातला ऊस, एकच गुऱ्हाळ. पण एक बरणी संक्रांतीच्या वेळची, कोवळं ऊन धरून भरावं तशी. दुसरी होळीनंतरची, गुऱ्हाळ मोडायच्या वेळची. काळीभोर.

सिदगोंडानं पहिली उचलली.

"शेवटची सेवा आहे. उत्तम तेच घालतो."

"आणि ती दुसरी?"

"ती काय, दशमीच्या पिठात ढकलायची. नाहीतर म्हशीला."

"म्हैस नशिबाची," अप्पा म्हणाले.

काकवी गव्हात गेली. सुंठ पडली, जायफळ पडलं. सिदगोंडानं पळीभर चाखली. पुन्हा चाखली.

"गोड झालीय... पण अप्पा, काकवी कुठं गेली?"

"घातलीस ना?"

"घातली की. बरणी उघडली तर नुसत्या वासानं जीव हरखला होता. या सुंठेनं आणि गव्हानं गिळून टाकली तिला."

अप्पांनी दुसऱ्या पातेल्याकडं बोट केलं. मग काळ्या बरणीकडं.

सिदगोंडानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"कडवट लागतीय. करपल्यागत. देवाच्या पंगतीत माझी शोभा होईल, अप्पा."

अप्पा शेंगा सोलत राहिले...

नाइलाजानं त्यानं ती ओतली. पळी फिरवली. सुंठ, जायफळ, सगळं तेवढंच.

वाफ उठली आणि त्याचा हात जागीच थांबला.

चिपाडाचा जाळ, तापलेली काहील, उन्हात पोळलेलं रान... सगळं त्या वाफेतनं वर आलं. त्यानं चाखली, आणि उभा होता तिथंच खाली बसला. सुंठ होती, जायफळ होतं, गहू होता. आणि सगळ्यांच्या खाली, घराला जोतं असावं तशी, ती होती. कडूपणा कुठं गेला नव्हता. त्यानंच सगळं उचलून धरलं होतं.

बाहेर पंगतीतली बडबड बंद झाली.

"आत कोण रं खीर करतंय?" एका म्हातारीनं हाक घातली. "असा वास दावून बसवून ठेवू नगंस."

सिदगोंडानं पहिली बरणी पुढ्यात ओढली.

तो म्हणाला, "मग संक्रांतीची काकवी खोटी, अप्पा?"

अप्पांनी चुलीच्या कडेला शेकत ठेवलेली ऊनऊन भाकरी मोडली, तिच्यावर पहिल्या बरणीतली धार धरली आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं खाल्ला. डोळे आपोआप मिटले.

"भाकरीवर हिच्यासारखी हीच," अप्पा म्हणाले. "गोडी दोघींची एकच आहे."

सिदगोंडानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. चूल धुमसत होती.

"अप्पा... ते डोळ्यांतलं पाणी परत येईल का?"

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

"मग माझ्यात आता काय उरलंय, तेवढं तरी सांगा."

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली, उठले, आणि काळ्या खिरीतली पळी त्याच्या हातात दिली.

"काकवीनं कधी स्वतःला चाखलंय? लोक बसलेत. वाढ."